'टी'नंतरच्या गोळ्या आणि देवळालीचा ताप

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातील एक परिचारिका सहा महिन्यांपूर्वी इंग्लंडच्या यॉर्कशर भागातील एका रुग्णालयात रुजू झाली. इंग्रजीची पात्रता परीक्षा तिने उत्तम गुणांनी पार केली होती आणि डॉक्टरांशी बोलताना तिला अडचण येत नाही. पण वॉर्डातील वयस्कर रुग्ण आणि स्थानिक सहकारी जे बोलतात, त्यातील निम्मे तिच्या डोक्यावरून जाते. तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत. अशा अतरंगी शब्दांची अर्थांसह यादी मिळेल का आणि ती पाठ करावी का? हे शब्द आपण स्वतः बोलताना वापरावेत का? आणि एक आजोबा तिला रोज 'लव्ह' अशी हाक मारतात, त्याचा अर्थ काय घ्यायचा?

गेली बावीस वर्षे मी इंग्रजी-मराठी दुभाषी म्हणून काम करते आणि त्यातील बराचसा काळ इंग्लंडमधील रुग्णालयांच्या दूरध्वनींवर गेला आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की यादी जवळ ठेवायला हरकत नाही, पण पाठ करू नका. यादीत शब्द असतो आणि त्याचा अर्थ असतो. तो शब्द कोणत्या गावचा, कोणत्या वयाच्या माणसाच्या तोंडी शोभणारा आणि कोणी कोणाला उद्देशून वापरायचा, हे त्यात नसते. स्लँगमध्ये, म्हणजे अशा अनौपचारिक बोलभाषेतील शब्दांत, तर निम्म्याहून अधिक अर्थ याच गोष्टींत असतो. म्हणून नवा शब्द कानावर पडला की त्याचा अर्थ विचारण्याच्या आधी त्याचे गाव विचारावे, असे मी माझ्या विद्यार्थिनींना पहिल्याच दिवशी सांगते.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. पुण्यात 'काम राहिले' म्हटले की ते व्हायचे बाकी आहे, पण नागपूरकडचा माणूस 'तो काम करून राहिला' म्हणतो तेव्हा काम चालू असते. पुण्यात मराठी शिकलेल्या परक्या माणसाने हे वाक्य ऐकून काय समजावे? त्याच्या शब्दकोशात 'राहणे' हे क्रियापद आहे, व्याकरणही त्याला येते, आणि तरीही तो चुकतो. कारण त्याच्याजवळ शब्द आहे, पण त्या शब्दाचा प्रदेश नाही.

यॉर्कशरमध्ये नेमकी हीच अडचण 'व्हाइल' या साध्या शब्दाने होते. प्रमाण इंग्रजीत त्याचा अर्थ 'चालू असताना', 'दरम्यान' असा आहे. यॉर्कशरच्या जुन्या बोलण्यात मात्र त्याचा अर्थ 'पर्यंत' असा होतो. तिथला कामगार 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणतो, म्हणजे नऊ ते पाच. हा फरक मला पुस्तकातून कळला नव्हता. एका मराठी आजींची तपासणी होती आणि त्यांच्यासाठी मी दूरध्वनीवर दुभाषी होते. परिचारिका म्हणाली, 'नथिंग टू ईट व्हाइल सिक्स, लव्ह.' क्षणभर माझ्या मनात 'सहाच्या वेळी काही खाऊ नका' असे मराठी वाक्य जुळले होते. पण वाक्याची ठेवण कानाला खटकली, म्हणून मी विचारले, 'म्हणजे सहा वाजेपर्यंत का?' ती म्हणाली, 'आय, दॅट्स व्हॉट आय सेड.' होय, तेच तर म्हणाले मी. तिच्या दृष्टीने तिने अगदी स्वच्छ इंग्रजीत सांगितले होते. मी विचारले नसते तर आजींनी पाच वाजता चहा-बिस्किटे घेतली असती आणि तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली असती. तेव्हापासून आकडा, वेळ किंवा गोळ्यांची मात्रा असलेले कोणतेही वाक्य मी उलट विचारून पक्के केल्याखेरीज पुढे नेत नाही, आणि तुम्हीही नेऊ नये.

वॉर्डात याहून अधिक वेळा गोंधळ घालणारा शब्द म्हणजे 'टी'. उत्तर इंग्लंडमधील बहुसंख्य घरांत 'टी' म्हणजे केवळ चहा नव्हे, तर संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास घेतलेले पोटभर जेवण. आणि 'डिनर' म्हणजे दुपारचे जेवण. शाळेत दुपारी जेवण वाढणाऱ्या बाईंना सगळ्या इंग्लंडात 'डिनर लेडी' म्हणतात, त्यात हाच जुना अर्थ टिकून आहे. दक्षिणेकडील मध्यमवर्गीय घरांत मात्र 'डिनर' रात्रीचे असते. आता रुग्ण म्हणाला, की 'मी गोळ्या डिनरनंतर घेतल्या', तर त्या दुपारी एकला घेतल्या की रात्री आठला, हे तो कुठला आहे यावर ठरते. नोंदवहीत 'डिनर' किंवा 'टी' असे न लिहिता घड्याळातील वेळ विचारून लिहावी.

आजारपणाच्या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे लागेल, कारण तिथे बोलीचा आणि स्वभावाचा दुहेरी पडदा असतो. 'पूअरली' हा शब्द उत्तरेत साध्या सर्दीपासून गंभीर दुखण्यापर्यंत कशालाही वापरतात, पण रुग्णालयाचे कर्मचारी नातेवाइकांना 'शी इज व्हेरी पूअरली' असे सांगतात तेव्हा प्रकृती चिंताजनक आहे, असे समजावे. ऐकायला शब्द मऊ आहे, पण निरोप मऊ नाही. 'सिक' हा अमेरिकेत सर्वसाधारण आजारी. ब्रिटनमध्ये 'आय हॅव बीन सिक' म्हणजे उलटी झाली. 'आय ॲम नॉट फीलिंग टू क्लेव्हर' असे रुग्ण म्हणाला तर तो बुद्धीविषयी बोलत नसून त्याला बरे वाटत नसते. 'आय हॅड अ फनी टर्न' यात विनोदी काहीच नाही. माणसाला अचानक भोवळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा क्षणभर शुद्ध हरपली, असा त्याचा अर्थ होतो आणि ते ऐकताच रक्तदाब तपासायला घ्यावा. गुडघा 'गिव्हिंग मी जिप' म्हणजे गुडघा ठणकतो आहे. एखाद्या नव्वदीच्या आजी 'आय ॲम स्टार्व्ह्ड' म्हणाल्या तर जेवणाचे ताट आणण्याआधी त्यांचे हात गार पडले आहेत का ते पाहा, कारण उत्तरेच्या जुन्या बोलीत या शब्दाचा अर्थ थंडीने काकडणे असाही आहे. ज्याला थंडी मुळीच सोसत नाही, त्याला मिडलंड्स, म्हणजे मध्य इंग्लंड, आणि उत्तरेत 'नेश' म्हणतात. हा शब्द प्राचीन इंग्रजीतील मऊ, नाजूक या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. प्रमाण भाषेने तो टाकून दिला आणि बोलीने हजार वर्षे सांभाळला. असे शब्द अशुद्ध नव्हेत. आपल्याकडे मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्याला जसे 'तुझी भाषा अशुद्ध' म्हणून हिणवले जाते, तसे तिथेही घडत आले आहे, आणि दोन्ही ठिकाणी ते सारखेच चुकीचे आहे.

स्वभावाचा पडदा म्हणजे दुखणे कमी करून सांगण्याची सवय. 'मस्न्ट ग्रम्बल', 'नॉट सो बॅड', 'फेअर टु मिडलिंग' ही उत्तरे आपल्या 'चाललंय' किंवा 'बरं आहे' यांच्या जातीची आहेत. आपले आजोबासुद्धा ताप 102 असताना 'थोडी कणकण आहे' एवढेच म्हणतात. या उत्तरांवर विसंबून वेदनेची नोंद करू नका, आकड्यात विचारा. याउलट 'यू ऑल राइट?' हा प्रश्न तुमच्या प्रकृतीची चौकशी नसतो. तो 'काय, कसं काय?' एवढाच नमस्कार आहे आणि 'ऑल राइट' हेच त्याचे उत्तर. नव्याने गेलेल्या अनेक मुलींना वाटते, की आपला चेहरा उतरलेला दिसतो म्हणून सगळे विचारत आहेत. तसे काही नाही.

'स्पेंड अ पेनी' हा लघवीला जाण्यासाठीचा सभ्य आडपडदा वृद्ध स्त्रियांकडून हमखास ऐकू येईल. पूर्वी सार्वजनिक शौचालयाच्या दाराच्या कुलपात एक पेनीचे नाणे टाकावे लागे, त्याची ही आठवण आहे. इंजेक्शनला इंग्लंडमध्ये 'जॅब', स्कॉटलंडमध्ये 'जॅग' आणि अमेरिकेत 'शॉट' म्हणतात. 'नाऊट' म्हणजे काही नाही, 'ओट' म्हणजे काही तरी, 'मार्डी' म्हणजे रुसून, गाल फुगवून बसलेला. हे चार दिवसांत कानात बसतील.

आता एका शब्दावर मी जरा अधिक थांबणार आहे, कारण तो तुमच्या वॉर्डात ऐकू येईल आणि तो आपल्याकडचा आहे. एखादी सहकारी म्हणेल, की 'तो संगणक आज डूलॅली झाला आहे' किंवा 'इतक्या रात्रपाळ्या केल्या तर मी डूलॅली होईन'. डूलॅली म्हणजे डोके फिरलेला, भ्रमिष्ट, ताळतंत्र सुटलेला. हा शब्द म्हणजे नाशिकजवळचे आपले देवळाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला ब्रिटिश लष्कराचा मोठा संक्रमण तळ होता. इंग्लंडहून आलेले सैनिक मुंबईला उतरून तिथे येत, आणि हिंदुस्थानातील सेवेची मुदत संपलेले सैनिक परतीच्या जहाजाची वाट पाहत तिथेच थांबत. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे मात्र बाराही महिने सुटत नसत; ती साधारणपणे पावसाळा संपल्यानंतरच्या थंड महिन्यांतच निघत. ज्याची मुदत हंगाम उलटल्यावर संपे, त्याला पुढच्या हंगामापर्यंत, म्हणजे कित्येक महिने, त्या तळावर बसून राहावे लागे. कवायत जवळजवळ नाही, काम नाही, घरी जायचे तर जहाज नाही. वर उन्हाळा, दारू आणि हिवतापासारखी दुखणी. अशा रिकाम्या प्रतीक्षेत माणसे विचित्र वागू लागत, आणि मग त्यांचे सोबती म्हणत, की याला 'डूलॅली टॅप' झाला आहे.

यातील 'टॅप' हा नळ नव्हे आणि डोक्यावर मारलेली टिचकीही नव्हे, जरी आज अनेक इंग्रज तसे समजतात. तो आपला 'ताप' आहे. 'देवळालीचा ताप' असा तो मूळ शब्दप्रयोग. पुढे 'ताप' गळून गेला आणि गावाचे नाव तेवढे राहिले. देवळालीचे 'डूलॅली' होताना मधला 'ळ' गेला, कारण इंग्रजी जिभेला 'ळ' नाही; तो गेल्यावर मराठी माणसालाही आपले गाव ओळखू येईनासे झाले. आज देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि तिकडे यॉर्कशरच्या एखाद्या आजीबाई आपल्या मांजराला डूलॅली म्हणताना नाशिक जिल्ह्याचे नाव घेत असतात. हा शब्द ब्रिटनमध्ये सर्वदूर समजतो, पण अमेरिकेत तो फारसा कोणाला माहीत नसतो. गोऱ्या सैनिकाने तो आपल्या पडशीत घालून जिथे नेला, तिथेच तो रुजला.

सैनिकांच्या त्या पडशीत आणखीही पुष्कळ ऐवज होता. 'हॅव अ डेको' म्हणजे जरा बघ, हा आपला 'देखो'. 'कुशी' नोकरी म्हणजे आरामाची नोकरी, हा 'खुशी'. 'ब्लायटी' म्हणजे मायदेश इंग्लंड, हा 'विलायती'. पहिल्या महायुद्धात ज्या जखमेमुळे सैनिकाला घरी पाठवले जाई, तिला 'ब्लायटी' जखम म्हणत. 'पक्का' हा शब्द तर दोन वेळा जगला. आधी तो साहेबी इंग्रजीत अस्सल, खानदानी या अर्थाने रूढ होता आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस लंडन-एसेक्सकडील तरुणांनी तो 'झकास' या अर्थाने उचलला. म्हणजे एकाच देशात आजोबांचा 'पक्का' वेगळा आणि नातवाचा 'पक्का' वेगळा. यॉर्कशरच्या वॉर्डात सर्व काही परके आहे असे वाटून मन खचते, तेव्हा हे शब्द आठवावेत, असे मी माझ्या विद्यार्थिनींना मनापासून सांगते. त्या भाषेत आपलीही चार भांडी आहेत.

तुमच्या रुग्णालयात केवळ यॉर्कशरची माणसे नसतील. आयरिश, ऑस्ट्रेलियन, दक्षिण आफ्रिकी सहकारी असतील, आणि इथे खरी जोखीम सुरू होते, कारण अनोळखी शब्द ऐकला तर माणूस निदान विचारतो, पण ओळखीचा शब्द वेगळ्या अर्थाने आला तर विचारण्याचे सुचतच नाही. 'पिस्ड' हा शब्द ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात दारू प्यायलेल्याला लावतात, अमेरिकेत चिडलेल्याला. शब्द दोन्हीकडे असभ्यच, पण रुग्णाविषयी कोणी तो उच्चारला तर यातला कोणता अर्थ घ्यायचा हे बोलणाऱ्याच्या देशावरून ठरते. एखादा कार्यक्रम 'वेंट डाउन अ बॉम्ब' असे ब्रिटिश माणूस म्हणाला तर तो गाजला. अमेरिकन माणूस 'इट बॉम्ब्ड' म्हणाला तर तो साफ आपटला. क्रिकेटच्या मैदानावर इंग्रज 'बॅरॅक' करतो तेव्हा तो खेळाडूची हुर्यो उडवत असतो, आणि ऑस्ट्रेलियन माणूस एखाद्या संघासाठी 'बॅरॅक' करतो तेव्हा तो त्या संघाचा पाठीराखा असतो. अमेरिकन माणूस यासाठी 'रूट' हे क्रियापद वापरतो, पण तेच ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये शरीरसंबंधाला वापरले जाणारे अश्लील क्रियापद आहे. 'थाँग्ज' म्हणजे ऑस्ट्रेलियात पायातल्या रबरी चपला, इतरत्र अंतर्वस्त्र. त्याच चपलांना न्यूझीलंडमध्ये 'जँडल' म्हणतात. खोडरबर मागताना आपण भारतीय लोक 'रबर' म्हणतो आणि ब्रिटनमध्ये ते चालते, पण अमेरिकेत त्याचा अर्थ निरोध असा होतो. आपले 'पासआउट' तर रुग्णालयात फारच जपून वापरावे. 'मी 2019 मध्ये पासआउट झाले' हे वाक्य आपल्याकडे पदवी मिळवल्याचे आहे, पण ब्रिटनमध्ये लष्करी संचलनाचा संदर्भ सोडला तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही बेशुद्ध पडला होतात.

एका शब्दाविषयी स्पष्ट ताकीद देते. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात दारूच्या दुकानाला 'पॅकी' म्हणतात, कारण तिथे त्याला 'पॅकेज स्टोअर' असे नाव आहे. ब्रिटनमध्ये जवळपास याच उच्चाराचा शब्द दक्षिण आशियाई लोकांना दिलेली वांशिक शिवी आहे. तो तुम्हाला उद्देशून आला तर तो 'स्लँग' म्हणून सोडून देण्याचा विषय नव्हे; त्याची तक्रार नोंदवायची असते.

दक्षिण आफ्रिकेची सहकारी 'आय विल डू इट जस्ट नाऊ' म्हणाली तर ती लगेच उठेल असे समजू नका. तिथे 'जस्ट नाऊ' म्हणजे थोड्या वेळाने, केव्हा तरी, आणि 'नाऊ नाऊ' म्हणजे त्याहून जरा लवकर. आपले 'आलोच' म्हणून अर्ध्या तासाने येणारे पाहुणे आठवले की हे लगेच समजते. ऊन पडलेले असताना पाऊस आला तर ती त्याला 'मंकीज वेडिंग' म्हणेल, माकडाचे लग्न. तो झुलू भाषेतील प्रयोगाचा अनुवाद आहे. आपल्याकडेही उन्हापावसात कोल्ह्याचे लग्न लागते. आयरिश सहकारी म्हणाली की बहिणीने तिला 'गेव्ह आउट', तर बहिणीने काही वाटप केलेले नसते, तिला रागे भरलेले असते. आयरिश भाषेतील वाक्प्रचार तसाच्या तसा इंग्रजीत उतरला आहे. 'व्हॉट्स द क्रॅक?' म्हणजे काय चालले आहे, काय नवीन.

अफवेला ऑस्ट्रेलियात 'फर्फी' म्हणतात, आणि या शब्दाची जन्मकथा मला फार आवडते, कारण ती नुसती ऐकीव नाही. व्हिक्टोरिया राज्यातील शेपर्टन गावी फर्फी कुटुंबाचा ओतकामाचा कारखाना होता आणि तिथे पाण्याच्या टाकीच्या गाड्या तयार होत. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला मेलबर्नजवळच्या लष्करी छावणीत याच गाड्या पाणी पुरवत. टाकीवर मोठ्या अक्षरांत 'फर्फी' असे नाव असे. गाडी आली की पाण्यासाठी सैनिक भोवती जमत, गाडीवान छावणीभर हिंडून ऐकलेल्या बातम्या सांगे, आणि त्यातल्या बऱ्याच खोट्या निघत. त्यावरून खोटी बातमी म्हणजे 'फर्फी'. गंमत अशी, की अमेरिकी नौदलातील कुजबुजीसाठीचा 'स्कटलबट' हा शब्दही पाण्याजवळच जन्मला. जहाजावर पिण्याच्या पाण्याचे भोक पाडलेले पिंप असे, त्याचे ते नाव. इकडे छावणीतल्या आणि तिकडे जहाजावरच्या माणसांनी एकमेकांना न विचारता तेच केले, आणि आपल्या पाणवठ्यावर पिढ्यान्‌पिढ्या काय चालत आले, ते तुम्हाला मी सांगायला नको.

ऑस्ट्रेलियात बावळट माणसाला 'ड्राँगो' म्हणतात. हे एका शर्यतीच्या घोड्याचे नाव होते. 1920 च्या दशकात तो 37 शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. घोड्याला ते नाव एका पक्ष्यावरून मिळाले होते. त्याच कुळातल्या काळ्या, दुभंगलेल्या शेपटीच्या पक्ष्याला आपण मराठीत 'कोतवाल' म्हणतो, कारण तो आपल्या घरट्याजवळ आलेल्या कावळ्या-घारींनाही पिटाळून लावतो. आपल्याकडे तो पहारेकरी, तिकडे त्याच नावाने माणूस मूर्ख ठरतो.

फर्फीची कथा सांगितली, पण प्रत्येक शब्दाची कथा इतकी पक्की नसते. 'बॉब्ज युअर अंकल' घ्या. काही काम समजावून सांगताना 'हे इथे लाव, तो खटका दाब, अँड बॉब्ज युअर अंकल' असे म्हणतात, म्हणजे 'की झालेच काम'. प्रसिद्ध कथा अशी, की 1887 मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी आपला पुतण्या-भाचा कोण असेल त्याला पद दिले. नेमके सांगायचे तर तो त्यांच्या बहिणीचा मुलगा आर्थर बॅल्फर होता आणि पद आयर्लंडच्या मुख्य सचिवाचे होते. सॉल्सबरी यांचे नाव रॉबर्ट, म्हणजे बॉब. मामा बॉब असला की सगळे सोपे. कथा गोड आहे आणि नेमणूक खरी आहे, पण हा वाक्प्रचार छापील मजकुरात सापडतो तो विसाव्या शतकात, त्या नेमणुकीनंतर कित्येक दशकांनी. लोक इतकी चविष्ट गोष्ट तीस-चाळीस वर्षे तोंडात धरून बसतील आणि कोणीच लिहिणार नाही, हे मला पटत नाही. म्हणून मी ती कथा सांगते, पण खरी म्हणून सांगत नाही. भाषांतर करताना मात्र यात काकाही नको आणि बॉबही नको, 'की झालं!' एवढे पुरते.

लंडनच्या पूर्व भागातील कॉकनी लोकांची यमकांची बोली हा असाच खोल विषय आहे. 1859 च्या एका स्लँग-कोशात तिची नोंद आहे, म्हणजे ती त्याआधीच रुळली होती. तिची रीत अशी. 'लुक' या शब्दाशी यमक जुळते 'बुचर्स हुक', खाटकाचा आकडा. मग यमकाचा शब्दच गाळायचा आणि उरलेले बोलायचे: 'हॅव अ बुचर्स', म्हणजे बघ जरा. 'लाइज'शी 'पोर्क पाइज', म्हणून थापा म्हणजे 'पोर्कीज'. 'हेड'शी 'लोफ ऑफ ब्रेड', म्हणून डोके चालव म्हणजे 'यूज युअर लोफ'. जुळणारा शब्दच उडवल्यामुळे बाहेरच्याला धागा लागत नाही, आणि तोच हेतू होता. यातील तीन-चार प्रयोग देशभर पसरले आहेत, तेवढे ओळखीचे असले की पुरे.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे हे शब्द स्वतः वापरावेत का. माझे मत असे, की समजावेत सगळे, वापरावेत थोडे, आणि तेही तिथल्या माणसांनी तुमच्याशी बोलताना वापरलेले. 'चिअर्स' म्हणजे थँक यू, 'टा' म्हणजेही थँक यू, 'ब्रू' म्हणजे चहाचा कप: हे निर्धोक आहेत आणि पहिल्या आठवड्यापासून बोलता येतात. आनंद झाला तर 'चफ्ड' म्हणा, मन फार खट्टू झाले तर 'गटेड'. 'नॅकर्ड' म्हणजे थकून गळून गेलेला, हा शब्द सहकाऱ्यांत चालतो. पण म्हाताऱ्या घोड्यांना कत्तलीसाठी विकत घेणाऱ्याला 'नॅकर' म्हणत, आणि त्याच्या अनेकवचनाला एक अश्लील अर्थही आहे, त्यामुळे रुग्णांसमोर 'टायर्ड' पुरेसे आहे. रुग्ण किंवा नातेवाईक दुःखात असताना स्लँग अजिबात नको, मग तुमचे इंग्रजी कितीही मुरलेले असो. आणि जे समजले नाही ते हसून मान डोलावून घालवू नका. 'सॉरी, आय हॅवन्ट हर्ड दॅट वन बिफोर' असे म्हटले की बहुतेक यॉर्कशरवाले खुर्ची ओढून बसतात आणि आपल्या बोलीविषयी मनापासून सांगतात; ते ज्या अभिमानाने सांगतात तो पाहून मला आपली कोल्हापूरची माणसे आठवतात.

एक वही ठेवा. शब्दापुढे अर्थ लिहा, त्यापुढे बोलणाऱ्याचे अंदाजे वय, गाव, आणि तो कोणाशी बोलत होता ते. रुग्णाचे नाव किंवा त्याच्या आजाराचा तपशील त्यात येऊ देऊ नका. सहा महिन्यांनी तीच तुमची यादी होईल, आणि ती तुमच्या वॉर्डाची असेल.

राहिला शेवटचा प्रश्न, जो तुम्ही सर्वांत संकोचाने विचारला आहे. यॉर्कशरमध्ये 'लव्ह' ही हाक आहे. तिकीट देणारा बसचालक, भाजीवाली, औषधाच्या दुकानातील बाई सगळे ती वापरतात, आणि जुन्या पिढीतील पुरुष ती पुरुषांनाही मारतात. स्टोक, डर्बी, नॉटिंगहॅमकडे गेलात तर 'डक' म्हणतील, न्यूकॅसलला 'पेट', ग्लासगोत बाईमाणसाला 'हेन', आणि ब्रिस्टलकडे तर 'माय लव्हर', ज्यात प्रेमसंबंधाचा लवलेशही नसतो. आपल्याकडे मालवणात 'गो बाय' म्हणतात, कोल्हापुरात 'भावा', तसेच ते आहे. तुमचे आजोबा शेजारच्या खाटेवरील माणसालाही तसेच संबोधतात का, सफाई करणाऱ्या काकूंनाही तसेच म्हणतात का, ते दोन दिवस ऐका. म्हणत असतील तर ती निखळ आपुलकी आहे. तोच शब्द फक्त तुम्हाला, आवाज खाली आणून, हात धरून म्हटला जात असेल तर तो बोलीचा प्रश्न उरत नाही, आणि तुमच्या वॉर्डप्रमुखांना सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हाक साधीच असेल आणि तरीही ती कानाला टोचत असेल, तर 'माझे नाव अमुक, मला नावाने हाक मारली तर आवडेल' असे हसतमुखाने सांगा. ते आजोबा एक-दोनदा चुकतील, मग तुमचे नाव उच्चारायला शिकतील, आणि बहुधा त्याच्यापुढे 'लव्ह' लावतील.